नाणं सरकारी की खासगी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या अंकासाठी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारली आहे: हातातली चकचकीत चकती एखाद्या देशानं काढलेलं स्मारक नाणं आहे, की कुणा कंपनीनं संग्राहकांसाठी पाडलेली वस्तू? म्हणून या वेळचं सगळं सदर याच प्रश्नांना दिलं आहे.

प्रश्न: वारशानं मिळालेल्या संग्रहात चांदीची एक चकती आहे. एका बाजूला शिडाचं जहाज, दुसऱ्या बाजूला ‘एक ट्रॉय औंस, ९९९ शुद्ध चांदी’ असा इंग्रजी मजकूर आणि एका टाकसाळीचं नाव. देशाचं नाव नाही, रक्कमही नाही. याला नाणं म्हणायचं का?

नाही. संग्राहक अशा चकतीला ‘राउंड’ म्हणतात. (ट्रॉय औंस हे मौल्यवान धातूंचं वजन, सुमारे ३१.१ ग्रॅम; ९९९ म्हणजे हजारात ९९९ भाग चांदी.) खासगी टाकसाळी वजन आणि शुद्धता ठोकून ती विकतात, आणि त्या मजकुराची हमी फक्त पाडणाऱ्याची असते. चांदी खरी असेल तर चांदीचं मोल आहेच, त्यात कमीपणा काही नाही. पण ती कोणत्याही देशानं चलन म्हणून काढलेली नाही.

नाणं ठरवताना तीन गोष्टी पाहायच्या: ते काढण्याचा अधिकार असलेली सत्ता, त्या सत्तेचा लेखी आदेश आणि, बहुतेक वेळा, आदेशात ठरवलेलं दर्शनी मूल्य, म्हणजे नाण्याची रक्कम. यातला आदेश सर्वांत महत्त्वाचा, कारण देशाचं नाव आणि रक्कम धातूवर कोणीही कोरू शकतं.

मात्र ‘रक्कम लिहिलेली नाही, म्हणजे नाणं नाही’ असा उलटा नियम करू नका. ब्रिटनमध्ये १९८१ च्या राजघराण्यातल्या लग्नानिमित्त निघालेला क्राउन हातात घेऊन पाहा: एका बाजूला राणी, दुसऱ्या बाजूला वधूवर, आणि रक्कम कुठेच नाही. देशाचं नावही नाही. तरी ते २५ पेन्सचं अस्सल सरकारी नाणं आहे. व्यास ३८.६१ मिलिमीटर, वजन २८.२८ ग्रॅम, धातू तांबं-निकेल. त्याच लग्नाची खासगी पदकंही ढिगानं निघाली आणि दोन्हींची सरमिसळ जुन्या डब्यांत नेहमी सापडते. दक्षिण आफ्रिकेनं १९६७ पासून काढलेल्या सोन्याच्या क्रूगररँडवर आणि मेक्सिकोच्या चांदीच्या लिबर्तादवरही रक्कम नसते, पण दोन्ही आपापल्या देशाच्या कायद्यानं नाणीच आहेत. तेव्हा रक्कम नसेल तर संशय घ्या, पण निकाल कागदपत्रं पाहूनच द्या.

प्रश्न: माझ्याकडच्या नाण्यावर ‘वन डॉलर’ आणि एका बेटाचं नाव स्पष्ट आहे. सोबत सोनेरी कडांचं प्रमाणपत्रही होतं. एवढं असताना ते सरकारी नसेल का?

नसू शकतं. याचं गाजलेलं उदाहरण २००४ चं आहे. न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांच्या जागी उभ्या राहणाऱ्या इमारतीचं चित्र असलेला एक ‘चांदीचा डॉलर’ जाहिराती करून विकला गेला. त्यावर उत्तर मारियाना बेटांचं नाव होतं आणि तो सरकारमान्य असल्याचं सांगितलं जात होतं. पण ही बेटं अमेरिकेच्या अखत्यारीत येतात आणि त्यांना स्वतःची नाणी काढण्याचा अधिकारच नाही. शिवाय ती चकती चांदीची नव्हती, चांदीचा मुलामा दिलेली होती. न्यूयॉर्क राज्याच्या महाधिवक्त्यांनी दावा लावला आणि न्यायालयानं विक्री थांबवली.

दुसरा प्रकार स्वयंघोषित ‘देशां’चा. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळच्या समुद्री चौथऱ्यावरचं सीलँड किंवा ऑस्ट्रेलियातलं हट रिव्हर (हे २०२० मध्ये गुंडाळलं गेलं) यांनी नाव, रक्कम, वर्ष, राज्यकर्त्याचा चेहरा असं सगळं असलेली नाणी काढली. दिसायला काहीच कमी नाही. पण या ‘देशां’ना जगात मान्यता नाही, म्हणून त्यांची नाणी हौशी वस्तूंत जमा होतात.

याच्या नेमकं उलट तिसरं टोक आहे. नियू, तुवालू, कुक बेटं ही नावं ऐकून अनेकजण थेट ‘बनावट’ असा शिक्का मारतात. तसं नाही. त्यांच्या सरकारांनी रीतसर परवानगी दिलेली संग्राहक-नाणी खरीच कायदेशीर चलन असतात, जरी ती त्या बेटांवर कुणाच्या खिशात खुळखुळत नसली तरी. तुवालूची बरीच नाणी ऑस्ट्रेलियातली पर्थ मिंट पाडते.

तुमच्या नाण्याची तपासणी अशी करा. दहापट भिंगाखाली दोन्ही बाजू आणि कड वाचा. देश, रक्कम, वर्ष, टाकसाळीची खूण जशीच्या तशी लिहून घ्या. अस्पष्ट अक्षरांच्या जागी अंदाज भरू नका. मग डिजिटल कॅलिपरनं व्यास दोन ठिकाणी मोजा आणि जाडी कडेवर मोजा, मधल्या उठावावर नाही. वजन ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर करा. काटा आधी माहीत असलेल्या वजनानं तपासा, कारण स्वस्त काटे सहज अर्धा ग्रॅम खोटं बोलतात.

हे आकडे हातात आले की मूळ आदेश शोधा. भारतात नाणी २०११ च्या नाणे अधिनियमाखाली निघतात आणि प्रत्येक स्मारक नाण्याची अधिसूचना राजपत्रात येते. तिच्यात आकार, धातू, कडेवरचे दाते, चित्रं, मजकूर सगळं असतं. उदाहरणार्थ, नव्या संसद भवनाच्या निमित्तानं २०२३ मध्ये काढलेलं ७५ रुपयांचं नाणं: व्यास ४४ मिलिमीटर, २०० दाते, वजन ३५ ग्रॅम, चांदी ५० टक्के, तांबं ४०, निकेल ५ आणि जस्त ५. वजनात किती फरक चालेल हेही त्यात सांगितलेलं असतं, ३४.६५ ते ३५.३५ ग्रॅम. अमेरिकेत प्रत्येक स्मारक नाण्यासाठी काँग्रेसचा कायदा लागतो. युरोच्या देशांत २ युरोच्या स्मारक नाण्यांची माहिती युरोपीय संघाच्या अधिकृत पत्रिकेत छापली जाते आणि सगळ्यांचं माप एकच असतं: २५.७५ मिलिमीटर, ८.५० ग्रॅम. विक्रेत्याच्या पत्रकापेक्षा ही कागदपत्रं आधी पाहायची.

नाण्यांची सूची (कॅटलॉग) पाहताना क्रमांकाच्या आधीचं अक्षर नीट वाचा. जागतिक नाण्यांच्या क्राउझ सूचीत नेहमीच्या नाण्यांना ‘केएम’ क्रमांक असतो. ‘एक्स’ अक्षरानं सुरू होणारा क्रमांक मात्र काल्पनिक, खासगी किंवा अधिकार नसलेल्यांनी काढलेल्या वस्तूंना दिला जातो. ‘सूचीत आहे’ एवढं ऐकून अनेकजण पैसे देतात आणि क्रमांक एक्सचा निघतो.

प्रश्न: एका मोठ्या चांदीच्या नाण्यावर पनामाचं नाव आहे, पण टाकसाळीची खूण अमेरिकेतल्या फ्रँकलिन मिंटची. ही तर खासगी कंपनी. मग नाणं खासगी का नाही?

कारण कोणी पाडलं यावरून नाणं सरकारी ठरत नाही, कोणाच्या आदेशानं काढलं यावरून ठरतं. हा फरक एकदा पक्का बसला की अर्ध्या शंका आपोआप मिटतात.

१९६४ मध्ये सुरू झालेली फ्रँकलिन मिंट दोन्ही कामं करत होती. १९७० च्या दशकात तिनं पनामा, बहामा, जमैका, पापुआ न्यू गिनी अशा अनेक देशांसाठी करारानं सरकारी नाणी पाडली. त्यांवर ‘एफएम’ ही जोडाक्षरी खूण दिसते. तुमचं नाणं १९७० च्या दशकातलं २० बाल्बोआंचं (बाल्बोआ हे पनामाचं चलन) असेल तर व्यास ६१ मिलिमीटर, वजन १२९.५९ ग्रॅम आणि चांदी ९२५ यायला हवी. याच कारखान्यातून राष्ट्राध्यक्ष, राज्यं, चित्रकार अशा विषयांवरच्या चांदीच्या पदकांच्या मालिकाही निघाल्या. त्या सुंदर आहेत, चांदीही बहुधा ९२५ चीच आहे, पण ती पदकंच.

नावावरही जाऊ नका. न्यूझीलंड मिंट ही खासगी कंपनी आहे. न्यूझीलंडचं चलन तिथली रिझर्व्ह बँक काढते आणि नाणी परदेशी टाकसाळींकडून पाडून घेते. त्याच वेळी ही खासगी कंपनी नियूसाठी जी नाणी पाडते, ती नियूच्या कायद्यानं अधिकृत असतात. ‘नॅशनल’, ‘फेडरल’, ‘रॉयल’, ‘मिंट’ हे शब्द कंपनीच्या नावात असले तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

प्रश्न: सरकारी टाकसाळीच्या डब्यातूनच आलेलं, पण रक्कम नसलेली कांस्याची एक मोठी चकती आमच्याकडे आहे. ती नाणं का नाही?

ते सरकारी पदक आहे. अमेरिकेची टाकसाळ राष्ट्रीय पदकं पाडून विकते, इतर देशांच्या टाकसाळीही विकतात. वस्तू अधिकृत, पण चलन नव्हे. संग्रहात तिची चिठ्ठी ‘पदक’ अशीच लिहा.

प्रश्न: चकतीवर ‘१ ट्रॉय औंस, १०० मिल्स, .९९९ चांदी’ असं आहे. चांदी खरी आहे का, हे घरी कसं पाहायचं?

‘मिल्स’ हा शब्द दिसला की थांबा. तो जाडीचा शब्द आहे आणि तो येतो मुलाम्याच्या संदर्भात. खरी घन चांदी विकणाऱ्याला थराची जाडी सांगण्याचं कारणच नाही. एक मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. १०० मिल धरले तर एका बाजूचा थरच २.५४ मिलिमीटर होतो, आणि एक औंसाचं चांदीचं नाणं सगळं मिळून साधारण तीन मिलिमीटर जाड असतं. म्हणजे तो आकडा खऱ्या थराचा असूच शकत नाही. ‘क्लॅड’, ‘लेअर्ड’, ‘प्लेटेड’ हे शब्दही मुलाम्याचेच. ‘जर्मन सिल्व्हर’मध्ये तर चांदी अजिबात नसते, ते तांबं, निकेल आणि जस्त.

आता पाण्याची चाचणी. एक सूचना आधी: आरशासारख्या प्रूफ नाण्यावर, बंद कॅप्सूलमधल्या नाण्यावर किंवा रंगीत नाण्यावर ही करू नका. पाण्याचे डाग प्रूफच्या पृष्ठभागावरून जात नाहीत.

आधी कोरडं वजन घ्या. समजा ३१.१० ग्रॅम आलं. काट्यावर पाण्याचा छोटा पेला ठेवा, शक्यतो ऊर्ध्वपातित पाणी, आणि काटा शून्यावर आणा. चकती बारीक नायलॉनच्या दोऱ्यात अडकवून पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा आता जो आकडा दाखवेल तो ग्रॅममध्ये असला तरी चकतीचं घनफळ घन सेंटिमीटरमध्ये सांगतो. कोरड्या वजनाला त्यानं भागा. शुद्ध चांदीची घनता १०.४९, म्हणून काट्यावर साधारण २.९६ दिसायला हवं. तांबं असेल तर घनता ८.९६ आणि आकडा ३.४७ च्या आसपास. पितळ असेल तर तो आणखी वाढेल. ९२५ चांदीची घनता साधारण १०.३६ येते, तेव्हा थोडा फरक दिसला तर आधी चकतीवरची शुद्धता पुन्हा वाचा.

चुका बहुतेक तीनच ठिकाणी होतात. चकतीला चिकटलेले हवेचे बुडबुडे घनफळ फुगवतात आणि चांगली चांदी हलकी ठरवतात. बुडवल्यावर दोरा हलकेच झटका. जाड दोरा पाणी शोषतो. आणि चकती तळाला टेकली की काटा घनफळाऐवजी तिचं वजनच दाखवू लागतो, आकडा एकदम उडी मारतो. तीनदा मोजा, तिन्ही आकडे जुळले तरच धरा.

पाण्याशिवायही एक पडताळा होतो. अमेरिकेच्या सिल्व्हर ईगल या एक औंस चांदीच्या सरकारी नाण्याचं माप ठरलेलं आहे: ४०.६ मिलिमीटर व्यास, सुमारे २.९८ मिलिमीटर जाडी, ३१.१०३ ग्रॅम. त्याच मापाची तांब्याची नक्कल २६.६ ग्रॅमच भरेल. वजन जुळवायचं तर नक्कल करणाऱ्याला ती साडेतीन मिलिमीटर जाड करावी लागते. व्यास, जाडी आणि वजन तिन्ही एकाच वेळी जुळवणं हलक्या धातूला जमत नाही, म्हणून आम्ही कॅलिपरवर एवढा भर देतो.

लोहचुंबकाचा उपयोग फक्त नाकारण्यासाठी करा. चांदी, सोनं, तांबं, तांबं-निकेल यांना चुंबक ओढत नाही. ‘चांदी’ म्हणून आलेली चकती चुंबकाला चिकटली तर विषय संपला. चिकटली नाही तर काहीच ठरलं नाही, कारण पितळही चिकटत नाही. सरकारी नाणी मात्र चुंबकाला चिकटू शकतात: स्टेनलेस स्टीलची भारतीय नाणी, शुद्ध निकेलची जुनी कॅनडाची नाणी.

आणि हेही लक्षात असू द्या की धातू खरा निघाला म्हणून वस्तू सरकारी होत नाही. तुम्ही फक्त चांदी तपासली, अधिकार नव्हे.

प्रश्न: अमेरिकेच्या राज्यांच्या क्वार्टर (पाव डॉलर) नाण्यांचा सोनेरी संच घेतला. ‘मूळ अमेरिकी नाणी’ असं लिहिलं आहे. खरं आहे का?

नाणी खरी, सोनं नंतरचं. १९९९ ते २००८ या काळात पन्नास राज्यांची क्वार्टर टाकसाळीनं काढली: २४.२६ मिलिमीटर, ५.६७ ग्रॅम. ती विकत घेऊन अनेक खासगी कंपन्यांनी त्यांवर सोन्याचा झिलईसारखा थर दिला किंवा रंगीत चित्रं चिकटवली. कड पाहिली की लगेच कळतं. मूळ क्वार्टरच्या कडेवर मधोमध तांब्याची लालसर पट्टी दिसते, कारण गाभा तांब्याचा आणि वरचे दोन थर तांबं-निकेलचे. तुमच्या नाण्यांच्या कडेवर ती पट्टी सोनेरी थराखाली झाकली गेली असेल. सोनं इतकं पातळ असतं की काढून विकण्याजोगं काही नसतं, आणि संग्राहक अशा नाण्याला बिघडवलेलं मानतात. थर घासून काढण्याचा प्रयत्न करू नका, मूळ पृष्ठभागही जाईल.

केवळ रंग आहे म्हणून मात्र नाणं फेटाळू नका. कॅनडानं २००४ मध्ये लाल पॉपीचं फूल असलेलं २५ सेंटचं रंगीत नाणं चक्क चलनात आणलं होतं. रंग टाकसाळीनं दिला की नंतर कुणी, हे आदेशातल्या किंवा टाकसाळीच्या वर्णनावरूनच ठरतं.

प्रश्न: प्रमाणपत्र आणि सीलबंद प्लास्टिकची डबी असेल तर विश्वास ठेवावा का?

प्रमाणपत्र विकणाराच छापतो. त्यातली वाक्यं मात्र जरूर वाचा, कारण खोटं लिहायला घाबरणारे लोक शब्द जपून वापरतात. ‘कायदेशीर चलन’ असं लिहून देशाचं आणि कायद्याचं नाव दिलं आहे का? की नुसतं ‘मर्यादित आवृत्ती’, ‘स्मरणार्थ’, ‘अधिकृत संग्राहक आवृत्ती’ एवढंच? दुसऱ्या प्रकारच्या मजकुरात कोणत्याही सरकारचा दावाच केलेला नसतो.

दर्जा ठरवणाऱ्या कंपन्यांच्या डब्यांचं वेगळं आहे. त्या नाण्यांसोबत पदकंही डबीबंद करतात, तेव्हा चिठ्ठीवर ‘मेडल’ लिहिलंय का ते पाहा. डबीचा क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाका, आणि तिथं छायाचित्र असेल तर त्यातले ओरखडे आपल्या नाण्याशी एकेक करून जुळवा. बनावट डब्यांवर खऱ्या नाण्याचा क्रमांक उचलून छापलेला असतो. क्रमांक बरोबर येतो, ओरखडे जुळत नाहीत.

प्रश्न: नाण्यावर बारीक अक्षरांत ‘कॉपी’ असं का असतं? आणि ते नसेल तर नाणं खरं का?

अमेरिकेत १९७३ च्या कायद्यानुसार जुन्या नाण्यांच्या नकला बनवताना किंवा आयात करताना त्यांवर हा शब्द कायमचा ठोकावा लागतो. तो दिसला तर प्रश्न मिटला. नसेल तर काही सिद्ध होत नाही: नक्कल त्याआधीची किंवा दुसऱ्या देशातली असू शकते, किंवा शब्द घासून काढलेला असू शकतो. तिरक्या प्रकाशात मोकळ्या जागेत घासल्याचा सपाट, मंद डाग शोधा.

ओतीव नक्कल असेल तर कडेवर साच्याची रेघ, अक्षरांच्या बुडाशी बोथटपणा आणि सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. दोन बाजूंची दिशाही पाहा. छापा सरळ धरून नाणं उभ्या अक्षावर, पुस्तकाचं पान उलटतो तसं फिरवा. अमेरिकी नाण्याची दुसरी बाजू उलटी दिसायला हवी. भारतीय, ब्रिटिश आणि युरो नाण्यांची सरळ. अमेरिकी डॉलरची दुसरी बाजू सरळ आली तर पुढं मोजमाप करण्याआधीच बहुधा उत्तर मिळालेलं असतं.

प्रश्न: सरकारी स्मारक नाणं बँकेत बदलून मिळतं का?

मिळालंच तर दर्शनी मूल्य मिळेल, आणि तेही काढणाऱ्या देशातच. सिल्व्हर ईगलवर लिहिलेला एक डॉलर आतल्या औंसभर चांदीपेक्षा कितीतरी कमी आहे, म्हणून ते बँकेत देण्यात काही अर्थ नाही. युरोत आणखी एक भेद आहे: २ युरोचं स्मारक नाणं युरो वापरणाऱ्या सगळ्या देशांत चालतं, पण ५, १०, २० युरोची संग्राहक-नाणी फक्त काढणाऱ्या देशात कायदेशीर असतात. उलट १९८१ च्या तांबं-निकेलच्या ब्रिटिश क्राउनांची संख्या अडीच कोटींहून जास्त आहे. सरकारी असूनही त्यांना संग्राहकांत फारशी मागणी नाही, आणि शेजारी पडलेला खासगी चांदीचा राउंड विक्रीत त्यांच्या पुढं जाईल. विकायचं असेल तर सरकारी-खासगी आणि धातू या दोन नोंदी वेगवेगळ्या करा, आणि प्रत्येक नोंदीसमोर आदेशाचा तपशील, सूची क्रमांक, मोजलेला व्यास, जाडी आणि वजन लिहून ठेवा.